तोफखान्याच्या पलटणी, हातात बंदुका: पीटर्सबर्गची रणभूमी कशी पाहावी

व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला जाणारे बहुतेक जण दोन गोष्टी बघायला जातात. एक म्हणजे सुरुंगाने उडवलेला खड्डा, दुसरी 'डिक्टेटर' नावाची अगडबंब उखळी तोफ. दोन्हींपुढे फोटो निघतात आणि दीड तासात मंडळी पुन्हा हमरस्त्याला लागतात. या दोन थांब्यांच्या मधे फोर्ट स्टेडमनसमोर एका पायवाटेवर फर्स्ट मेन हेवी आर्टिलरी या मेन राज्याच्या पलटणीचा स्मारक-दगड उभा आहे, आणि तिकडे पाय वळवणारे थोडेच. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. पीटर्सबर्ग नॅशनल बॅटलफील्डच्या पूर्व आघाडीला पाचापैकी चार गुण, पण त्यातले दोन त्या दगडाचे. डिक्टेटरला दहा मिनिटं दिलीत तर या दगडाला पाऊण तास द्या.

तिथे काय बघायचं ते कळायला थोडी पूर्वतयारी लागते. माहितीफलकांवर ती तुटक मिळते, म्हणून आधी तीच.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) उत्तरेची बहुतेक फौज स्वयंसेवकांची होती. प्रत्येक राज्याने आपापल्या पलटणी उभारायच्या आणि त्या केंद्राच्या सेवेत द्यायच्या, अशी पद्धत. पायदळाच्या पलटणीत 10 कंपन्या, कागदावर हजारेक माणसं. जड तोफखान्याच्या, म्हणजे 'हेवी आर्टिलरी'च्या पलटणीत 12 कंपन्या, कंपनीत दीडशेपर्यंत, म्हणजे एकूण सुमारे 1,800. काम किल्ल्यातल्या मोठ्या तोफा चालवण्याचं. गणवेशावर तोफखान्याची लाल पट्टी. नेमणूक बहुतेक वॉशिंग्टनभोवतीच्या मातीच्या कोटांत. युद्ध संपेपर्यंत राजधानीभोवती 68 कोट आणि 93 मोर्चे असं जवळजवळ 37 मैलांचं कडं तयार झालं होतं, आणि त्याला माणसं पुरवायची ती याच पलटणींनी. डोक्यावर छप्पर, वेळेवर जेवण, रोजची कवायत. भरतीच्या वेळी तरुणांना ही नोकरी आवडायची यात नवल नाही.

मे 1864 मध्ये चित्र पालटलं. विल्डरनेस आणि स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढायांत उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याची माणसं हजारांनी पडली आणि त्याने वॉशिंग्टनच्या कोटांतले हेवी काढून पायदळ म्हणून आघाडीवर आणले. तीन वर्षं लढलेल्या जुन्या पलटणी तोवर दोनशे-तीनशे माणसांवर आल्या होत्या. त्यांच्या शेजारी कोऱ्या गणवेशातली दीड-दोन हजारांची रांग येऊन उभी राहायची तेव्हा टिंगल व्हायची, इतकी मोठी पलटण म्हणजे अख्खी डिव्हिजनच (अनेक पलटणींची तुकडी) की काय म्हणून. टिंगल फार दिवस टिकली नाही. 19 मेला हॅरिस फार्मवर फर्स्ट मेनची पहिलीच मोठी लढाई झाली आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. 1 जूनला कोल्ड हार्बरला सेकंड कनेक्टिकट हेवीचा कर्नल एलिशा केलॉग आपल्या माणसांच्या पुढे चालताना पडला. आणि 18 जूनला पीटर्सबर्ग.

म्हणजे 'हेवी' या एकाच नावाखाली दोन तऱ्हेची नशिबं होती. काही पलटणींनी खरंच तोफा चालवल्या, काहींनी तोफखान्याची लाल पट्टी लावून संगिनी रोखल्या. पीटर्सबर्गला ही दोन्ही नशिबं चार मैलांच्या रस्त्यावर समोरासमोर दिसतात. ही जागा बघायला जायचं खरं कारण तेच.

आधी मनातला किल्ला बाजूला ठेवा

सह्याद्रीतले काळ्या दगडाचे बुरुज डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर पहिल्या थांब्यावरच हिरमोड होईल. इथे दगड नाही, चुना नाही, दरवाजा नाही. गवताने झाकलेले मातीचे उंचवटे आणि त्यांच्या पायाशी अर्धवट बुजलेले चर, एवढंच. आपल्याकडच्या जुन्या कागदांत 'दमदमा' म्हणतात तो हाच प्रकार. त्यामागे कारण आहे. एप्रिल 1862 मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट पुलास्कीच्या विटांच्या जाड भिंती आटे पाडलेल्या नळीच्या तोफांनी दीडेक दिवसात फोडल्या, आणि चिरेबंदी बांधकामाचा जमाना संपला हे सगळ्यांना कळलं. मातीत गोळा घुसतो, फुटतो, खड्डा पडतो. रात्री चार फावडी आणि टोपल्या घेऊन तो पुन्हा भरता येतो. भिंत अशी रातोरात उभी राहत नाही.

मूळ कोट मात्र असा गुळगुळीत नव्हता. आतली बाजू ढासळू नये म्हणून वेलवेतांनी विणलेल्या बिनबुडाच्या टोपल्या उभ्या करून त्यांत माती ठासायचे. बाहेर खंदक. खंदकापुढे झाडं पाडून, फांद्या शत्रूकडे करून त्यांची टोकं तासलेली. त्याच्याही पुढे आडव्या ओंडक्यांत अणकुचीदार खुंट आरपार ठोकलेले. लाकूड कुजलं, टोपल्या कुजल्या, उरली ती माती. म्हणून तिसऱ्या थांब्यावर, बॅटरी 9 (बॅटरी म्हणजे तोफांचा मोर्चा) जवळ, नव्याने बांधून दाखवलेला तटाचा तुकडा आणि सैनिकांच्या झोपड्या आधी बघितलेल्या बऱ्या. बॅटरी 5 आणि 8 उरकून तिथे पोचेपर्यंत डोळा आंधळाच असतो. आमचा सल्ला असा की गाडी थेट तिसऱ्या थांब्यापर्यंत न्या, मूळ तट कसा दिसत असेल ते मनात भरून घ्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. काही भागात रस्ता एकेरी असल्यामुळे वळसा पडेल, तेवढा सोसा.

उंचवट्यांवर चढायला मनाई आहे. हा नियम दिखाऊ नाही. पायांनी गवत गेलं की एका पावसाळ्यात धार वाहून जाते. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणं, जमिनीवर दिसलेली गोळी किंवा बटण खिशात टाकणं हा तर संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पहिला थांबा: बॅटरी 5 आणि डिक्टेटर

पीटर्सबर्गभोवती दक्षिणेच्या सैन्याने 1862-63 मध्येच कॅप्टन चार्ल्स डिमॉकच्या देखरेखीखाली 10 मैलांचं मोर्च्यांचं कडं बांधलं होतं. त्यात 55 बॅटऱ्या. 15 जून 1864 रोजी उत्तरेच्या विल्यम स्मिथच्या अठराव्या कोअरने (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनची मिळून फौज) त्यातली बॅटरी 5 घेतली. अभ्यागत केंद्राच्या मागून जाणारी पायवाट आधी या बॅटरीवर जाते आणि मग उतरून उखळी तोफेपाशी. चालायला सोपी वाट. परतताना चढ लागतो, एवढंच.

तिथे ठेवलेली तोफ त्याच जातीची आहे, मूळ डिक्टेटर नव्हे. मूळ तोफ कनेक्टिकटच्या राजधानीत, हार्टफर्डला, फर्स्ट कनेक्टिकट हेवी आर्टिलरीच्या स्मारकावर बसवली आहे असं सांगतात, पण त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बघणाऱ्याला फरक पडत नाही. 1861 च्या नमुन्याची 13 इंची किनारी उखळी तोफ कुठेही सारखीच: तोंड 33 सेंटिमीटर, नुसत्या नळीचं वजन 17,120 पौंड म्हणजे पावणेआठ टन, गोळा दोनशे पौंडांच्या वर, म्हणजे शंभर किलोला थोडासा कमी. मुळात ही समुद्रकिनाऱ्यावरच्या किल्ल्यात जहाजांच्या डेकवर वरून गोळे टाकण्यासाठी ओतलेली तोफ. ती लढाईत हिंडवण्याची कल्पना कोणाच्याही डोक्यात नव्हती.

ती चालवली फर्स्ट कनेक्टिकटच्या कंपनी जीने. या पलटणीची जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1861 मध्ये चौथी कनेक्टिकट पायदळ पलटण म्हणून ती उभी राहिली आणि जानेवारी 1862 मध्ये तिचं जड तोफखान्यात रूपांतर झालं. त्याच वसंतात यॉर्कटाउनच्या वेढ्यात रॉबर्ट टायलरच्या हाताखाली तिने अवजड तोफा चिखलातून ओढून मोर्च्यांवर चढवल्या. पीटर्सबर्गच्या वेळी तिचा कर्नल होता हेन्री ॲबट, पेशाने लष्करी इंजिनिअर आणि नोंदी ठेवण्याच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. या तोफेबद्दल आज जे आकडे मिळतात ते बरेचसे त्याच्या टिपणांमुळे.

आता तोफेच्या मागे जाऊन उभे राहा. बुडाशी दाते पाडलेले दिसतील. तरफ त्या दात्यांत अडकवून नळी वर-खाली करायची. पण डिक्टेटर बहुधा 45 अंशांवरच ठेवून मारली जायची. पल्ला बदलायचा तो दारूच्या वजनाने. 14 पौंड दारूला सुमारे 3,600 यार्ड. पुरी 20 पौंड घातली तर 4,325 यार्ड, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर. अंश दोन अंश कोन चुकला तर 45 अंशांच्या आसपास पल्ल्यात फारसा फरक पडत नाही. दारूचं माप चुकलं किंवा दारू दमट निघाली तर मात्र गोळा शेकडो यार्ड इकडेतिकडे. म्हणून उखळी तोफेच्या मोर्च्यावर सगळ्यात महत्त्वाचा माणूस नेम धरणारा नव्हे, तर तराजू धरणारा.

गोळ्याला वर दोन कान असतात. त्यांत आकडे अडकवून, दांड्यावर टांगून दोघांनी तो तोंडाशी आणायचा आणि हळू आत सोडायचा. बुडाशी दारू आधीच गेलेली असते. पलिता गोळ्याच्या वरच्या बाजूला, तोफेच्या तोंडाकडे. मग तो पेटवतो कोण? उत्तर गोळा आणि नळी यांच्यामधल्या फटीत आहे. दारू पेटली की ज्वाळा त्या फटीतून गोळ्याला वेढत पुढे येते आणि पलित्याला शिवते. म्हणून इथे दारू आणि गोळा यांच्यामध्ये बोळा ठासत नाहीत. ठासला तर ज्वाळा अडेल. गोळा आकाशात पंचवीस-तीस सेकंद असतो. पलिता तेवढ्या वेळेचा कापावा लागतो. आखूड कापला तर गोळा हवेतच फुटतो. लांब राहिला तर गोळा जमिनीत खोल रुतून फुटतो आणि मातीचा फवारा उडण्यापलीकडे काही होत नाही. कधी आदळताना पलिता विझतो आणि गोळा तसाच पडून राहतो.

गंमत आहे ती रेल्वेची, आणि नेमकी तीच इथे दिसत नाही. सिटी पॉइंटहून येणारा लोहमार्ग या बॅटरीच्या जवळून जायचा. ॲबटच्या माणसांनी तोफ उघड्या वाघिणीवर चढवली. पहिल्या वाघिणीने थोड्याच बारांत अंग टाकलं. कारण साधं आहे: 45 अंशांवरच्या तोफेचा धक्का जितका मागे बसतो तितकाच खाली बसतो, आणि वाघीण सामान वाहायला बनवलेली असते, वरून घणाचे घाव सोसायला नव्हे. दुसऱ्या वाघिणीत जादा तुळया घातल्या, लोखंडी सळयांनी आवळल्या, वर लोखंडी पत्रा ठोकला. ती टिकली. 14 पौंड दारूच्या बाराला तोफ वाघिणीवर दोन फुटांहून कमी मागे सरकायची आणि वाघीण रुळांवर दहा-बारा फूट. तोफ डावी-उजवीकडे वळवायची कशी? ती वळवायचीच नाही. मार्ग वळणाचा होता. वाघीण वळणावर पुढे-मागे ढकलली की तोंडाची दिशा आपोआप बदलायची. निशाण होतं ॲपोमॅटॉक्स नदीपलीकडच्या चेस्टरफील्डच्या टेकाडावरच्या तोफा, ज्या उत्तरेच्या उजव्या बगलेवर आडवा मारा करत होत्या. पुढे डिक्टेटर वाघिणीवरून उतरवून पक्क्या चौथऱ्यावर बसवली. डेव्हिड नॉक्सचं प्रसिद्ध छायाचित्र त्या चौथऱ्यावरचं आहे.

आज तोफ जमिनीवर आहे, रुळांचा तुकडा नाही, वाघिणीची प्रतिकृती नाही. वळणाची युक्ती बघणाऱ्याच्या डोक्यात शिरतच नाही आणि तो नुसताच 'केवढी मोठी!' म्हणून पुढे जातो. दहा फूट वाकडे रूळ टाकले असते तरी काम झालं असतं. एक गुण इथे कापला.

आणखी एक. डिक्टेटरचा दरारा मोठा, पण खंदकातल्या माणसाचा खरा शत्रू होती कोहॉर्न नावाची छोटी उखळी. 24 पौंडी कोहॉर्नचं तोंड 5.82 इंच, नळी 164 पौंड, लाकडी बैठकीसकट तीनशे पौंडांच्या घरात. चार जणांनी कड्या धरून उचलायची, खंदकातून हव्या त्या ठिकाणी नेऊन ठेवायची. अर्धा पौंड दारूत 1,200 यार्ड. फर्स्ट कनेक्टिकटने वेढ्यात याही चालवल्या, 8 आणि 10 इंची उखळ्याही, आणि 4.2 इंच तोंडाच्या 30 पौंडी पॅरट तोफाही. पार्कात कोहॉर्न दिसली तर तिच्यापाशी थांबा. खंदकांतल्या रोजच्या मरणाचं मोजमाप तिच्याने होतं.

दुसरा थांबा, बॅटरी 8, गाडीतूनच बघितला तरी चालेल. तिसऱ्याबद्दल सांगितलंच, बॅटरी 9 पहिल्या दिवशी घेतली ती हिंक्सच्या कृष्णवर्णीय पलटणींनी, तो फलक मात्र वाचा. चौथा, हॅरिसन क्रीक, म्हणजे ओढा आणि सावली. डबा खायला उत्तम.

पाचवा थांबा: फोर्ट स्टेडमन, आणि मेनचा दगड

गाडी स्टेडमनच्या वाहनतळावर लावा आणि कोट ओलांडून दक्षिणेच्या सैन्याच्या कोलक्विट सेलियंटकडे (तटाच्या पुढे आलेल्या कोनाकडे) जाणाऱ्या पायवाटेने चालू लागा. मेनचा दगड याच वाटेवर आहे. बूट बंद घाला, पायमोजे विजारीवर ओढा. उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात आणि व्हर्जिनियातला गोचीड हा विनोदाचा विषय नाही.

18 जून 1864. आदल्या तीन दिवसांत उत्तरेने बाहेरचे मोर्चे घेतले होते. 17 आणि 18 च्या मधल्या रात्री दक्षिणेचं सैन्य मागे सरलं, शहराजवळ नव्या रेषेवर गेलं आणि रातोरात खणून बसलं. सकाळी हल्ल्याला निघालेल्यांना समोरचे खंदक रिकामे सापडले. नवी रेषा कुठे आहे, तिच्यासमोरची जमीन कशी आहे, हे शोधण्यात दिवसाचा पुष्कळ भाग गेला आणि तेवढ्यात दक्षिणेचा सेनापती ली याच्या फौजा येऊन पोचल्या. दुसऱ्या कोअरचा हँकॉक गेटिसबर्गची जखम पुन्हा उघडल्याने रजेवर, सूत्रं बर्नीकडे. दुपारनंतर मॉटच्या डिव्हिजनला हल्ल्याचा हुकूम आला.

फर्स्ट मेन प्रिन्स जॉर्ज कोर्ट हाउसच्या रस्त्याच्या आडोशाला होती. ऑगस्ट 1862 मध्ये बँगोर गावी अठरावी मेन पायदळ म्हणून उभी राहिलेली, जानेवारी 1863 मध्ये हेवी झालेली ही पलटण. पावणेदोन वर्षं वॉशिंग्टनच्या कोटांत काढलेली, आघाडीवर येऊन जेमतेम महिना. सुमारे 900 जण हल्ल्यात उतरले, एकामागे एक अशा तीन रांगांत. दोन्ही बाजूंच्या जुन्या, मुरलेल्या पलटणींनी समोरचं मैदान बघितलं आणि त्या पुढे सरकल्याच नाहीत, किंवा थोडं सरकून आडव्या झाल्या. मेनवाले एकटे पुढे गेले.

दगडापाशी उभे राहून आता जमीन वाचा. झाडं मनातून काढून टाका. त्या वेळी इथे शेत होतं, आणि ओलांडायचं अंतर पाचेकशे यार्ड. शेजारी कोणी नसल्याने समोरची रेषाच नव्हे तर बाजूचे मोर्चेही मोकळेपणी याच एका पलटणीवर वळले. मागच्या रांगांना पुढच्यांच्या अंगावरून जावं लागलं. अनुभवी पायदळ अशा वेळी जमिनीला चिकटतं आणि ताटल्यांनी माती उकरतं. कवायत मात्र सरळ रांगेत पुढे चालायला शिकवते. हल्ला मिनिटांत संपला. 115 मेले, 489 जखमी, 28 बेपत्ता: 632. अख्ख्या युद्धात उत्तरेच्या कोणत्याही पलटणीने एका लढाईत इतकी माणसं गमावली नाहीत. पुढे जखमांनी मेलेले धरले तर युद्धभरात या पलटणीचे 23 अधिकारी आणि 400 शिपाई लढाईत गेले. उत्तरेच्या दोन हजारांवर पलटणींत हा आकडा सगळ्यात मोठा. कर्नल डॅनियल चॅप्लिन त्या दिवशी वाचला आणि ऑगस्टमध्ये डीप बॉटमला गोळी लागून गेला.

रचनेच्या दृष्टीने पार्कने इथे फार काही केलेलं नाही, आणि ते बरंच झालं. ध्वनिफीत नाही, पुतळ्यांची रांग नाही. दगड आहे आणि अंतर आहे. एक मात्र करा: दगडाकडून उलट, हल्ला सुरू झाला त्या दिशेला तोंड करून बघा. जमिनीचा उतार तेव्हाच कळतो, आणि शेजारच्या पलटणी का आडव्या झाल्या हेही.

याच जागी नऊ महिन्यांनी गोष्ट उलटी फिरली. हल्ल्याच्या मैदानालगत उत्तरेने फोर्ट स्टेडमन बांधला. 25 मार्च 1865 ला उजाडण्याआधी दक्षिणेच्या गॉर्डनच्या माणसांनी कोलक्विट सेलियंटमधून निघून तो घेतला. स्टेडमनमध्ये आणि त्याच्या दक्षिण दिशेला असलेल्या उत्तरेच्याच फोर्ट हॅस्केलमध्ये होती चौदावी न्यूयॉर्क हेवी आर्टिलरी. शेजारच्या उखळी मोर्च्यांवर फर्स्ट कनेक्टिकटच्या कंपन्या. स्टेडमन पडला, हॅस्केल टिकला आणि तिथल्या माऱ्याने पुढे घुसलेल्यांची वाट अडवली. सकाळ उलटायच्या आत हल्ला मोडला. म्हणून पाचव्यावरून सहाव्या थांब्याला गाडीने न जाता पायवाटेने जा. दोन्ही कोट एकमेकांना किती जवळ आहेत हे पायांना कळायला हवं. मधल्या झाडीमुळे एकातून दुसरा सहज दिसत नाही, ही या भागाची मोठी उणीव. हिवाळ्यात पानं झडल्यावर बरंच उघडं पडतं. जायचंच तर नोव्हेंबर ते मार्च.

आठवा थांबा: खड्डा

क्रेटरबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं, त्यामुळे थोडक्यात. अठ्ठेचाळिसाव्या पेनसिल्व्हेनिया पलटणीतल्या कोळसा खाणकामगारांनी लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्सच्या हाताखाली 511 फुटांचं भुयार खणलं, टोकाला 8,000 पौंड दारू ठेवली, आणि 30 जुलै 1864 च्या पहाटे पावणेपाचला ती उडवली. ठरलेली वेळ साडेतीनची. पलिता जोडावर विझला म्हणून दोघांना आत जाऊन तो पुन्हा पेटवावा लागला. भुयाराचं तोंड आज बांधून दाखवलं आहे, खड्डा भरत भरत उथळ झाला आहे. पहिल्यांदा बघणारा 'एवढाच?' म्हणतो. तेव्हा तो 170 फूट लांब आणि 25-30 फूट खोल होता.

हेवींच्या नजरेने इथे एक गोष्ट शोधा, कारण फलकांवर तिला जागा कमी. पहिल्या लाटेतल्या लेडलीच्या डिव्हिजनमध्ये दोन हेवी पलटणी होत्या: सेकंड पेनसिल्व्हेनिया प्रोव्हिजनल आणि तीच चौदावी न्यूयॉर्क. हातात बंदुका, तोफ एकही नाही. खड्ड्याच्या काठावर मातीखाली गाडल्या गेलेल्या शत्रूच्या दोन तोफा चौदावीवाल्यांना सापडल्या. त्यांनी त्या उकरून काढल्या, फिरवल्या आणि मूळ मालकांवरच डागल्या. हल्ला फसला, 3,800 च्या आसपास माणसं गेली, त्यात मेलेले पाचशेच्या वर. पण तोफांची जुनी कवायत तिथे कामी आली. मागून शंभरावर तोफा आणि पन्नासावर उखळ्या मारा करत होत्या, त्यातल्या कित्येक फर्स्ट कनेक्टिकटच्या. खड्ड्यात आणि खड्ड्यामागे दोन्हीकडे हेवीच, फक्त हातातली हत्यारं वेगळी.

जाण्यायेण्याचं

वॉशिंग्टनहून आय-95 ने 130 मैलांच्या आसपास. रिचमंडहून पंचवीस मैल. शनिवारी सकाळी फ्रेडरिक्सबर्गजवळ गाड्या तुंबतात, म्हणून सातच्या आत निघा. पूर्व आघाडीचा गाडीरस्ता सुमारे चार मैल. पायवाटा धरून नीट बघायला चार तास. दोन तासांत होतं असं कोणी सांगितलं तर त्याने मेनचा दगड बघितलेला नाही. आत खाण्यापिण्याची दुकानं नाहीत. पाणी माणशी दोन लिटर आणि डबा बरोबर. तोफा डागण्याची प्रात्यक्षिकं उन्हाळी हंगामात असतात. वेळापत्रक पार्कच्या संकेतस्थळावर बघून मगच दिवस ठरवा. पण प्रात्यक्षिकासाठी म्हणून जुलैत जाल तर उकाड्याने निम्मा उत्साह जाईल.

दुसरा अर्धा दिवस असेल तर तो हॉपवेलमधल्या सिटी पॉइंटला द्या. जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स नद्यांच्या संगमावर ग्रँटचा मुख्य तळ तिथे होता. आघाडीच्या मोर्च्यांपर्यंत लोहमार्ग जायचा आणि दारूगोळा त्याच रुळांवरून यायचा. पॉप्लर ग्रोव्ह कब्रस्तान थोडं आडवाटेला आहे. सहा हजारांहून जास्त शिपाई तिथे पुरलेत, त्यातल्या दोन तृतीयांशांची नावं कोणाला माहीत नाहीत.

परतीच्या वाटेवर अलेक्झांड्रियात फोर्ट वॉर्डला थांबा. मे 1864 पूर्वी हेवींचं जगणं कसं होतं ते इथे कळतं. 36 तोफांच्या या कोटाचा वायव्य बुरुज मूळ आराखड्यावरून पुन्हा बांधला आहे: तोफांचे लाकडी चौथरे, झरोके, दारूकोठी, सगळं जागच्या जागी. प्रवेश फुकट, छोटं संग्रहालयही आहे, तासाभरात होतं. पीटर्सबर्गच्या आधी बघितलंत तर तो नुसता एक नीटनेटका कोट वाटेल. नंतर बघा. तटाच्या आत उभं राहिलं की समोरची जमीन उतरत जाते, पाठीशी जाड माती असते आणि तोफ कोणाकडे रोखायची हे आधीच ठरलेलं असतं. मेनच्या माणसांनी पावणेदोन वर्षं अशाच जागी पहारा केला होता.